औंढ्याचे हरवलेले शिखर : वास्तूच्या संगणकीय पुनर्रचनेची रीत आणि तिच्या मर्यादा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथील नागनाथाचे मंदिर पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो रंगाचा. खालचा भाग काळ्या दगडाचा, कोनाकोनांनी पुढेमागे सरकणाऱ्या भिंतींचा आणि शिल्पांनी भरगच्च भरलेला आहे. वरचा भाग मात्र विटाचुन्याचा, गुळगुळीत व पांढरा. खाली हत्तींच्या रांगा, त्यांच्यावर देवदेवतांच्या मूर्ती, आणि वर एकाएकी शांत शुभ्र शिखर. एकाच वास्तूत दोन काळ एकमेकांवर उभे आहेत, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज पडत नाही. खालचा भाग यादवकालीन मानला जातो. वरचा भाग पुष्कळ नंतरचा असून त्याचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. मग यादवकाळात या भिंतींवर काय होते? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. अथवा अधिक नेमके सांगायचे तर, अशा प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या साह्याने कसे शोधले जाते आणि त्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवावा, हा आहे.

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने वास्तुशास्त्राच्या प्रांतात का शिरावे, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर एका शब्दात आहे : पुनर्रचना. नष्ट झालेली भाषा तिच्या वंशजांवरून उभी करण्याचा उद्योग आमच्या शास्त्राने दीडशे वर्षांहून अधिक काळ केला आहे. त्यातील यश आणि फजिती या दोहोंचा आम्हांस चांगला अनुभव आहे. तो अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते.

१. संगणक नेमके काय करतो?

या कामाचे तीन टप्पे मानावे लागतात, आणि ते एकमेकांपासून वेगळे ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

पहिला टप्पा मोजणीचा. एकाच वस्तूची अनेक ठिकाणांहून घेतलेली छायाचित्रे असली, तर एकाच खुणेचे वेगवेगळ्या चित्रांतील स्थान पाहून तिचे अवकाशातील प्रत्यक्ष स्थान त्रिकोणमितीने काढता येते. या रीतीस फोटोग्रामेट्री म्हणतात. ती संगणकाहून जुनी आहे. जर्मनीतील अल्ब्रेख्त मायडेनबावर या वास्तुतज्ज्ञाने १८५८ मध्ये वेट्झलार येथील चर्चचे मोजमाप करताना तिची कल्पना मांडली आणि १८८५ पासून प्रशियात या कामासाठी स्वतंत्र सरकारी संस्था चालवली. संगणकामुळे एवढेच झाले की, जे गणित पूर्वी काही मोजक्या खुणांपुरते होत असे, ते आता लक्षावधी बिंदूंचे होते. लेसर किरण पृष्ठभागावर सोडून अंतर मोजण्याची दुसरी रीतही आहे. दोन्हींचे फळ एकच : वस्तूच्या पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंचा समूह, ज्याला बिंदुमेघ म्हणता येईल. औंढ्यासारख्या मंदिराचा प्रत्येक कोन, प्रत्येक हत्तीची सोंड आणि प्रत्येक झीज त्यात उतरते. या टप्प्यात कल्पनेला वाव नाही. जे आहे ते मोजले जाते.

दुसरा टप्पा जुळवणीचा. सुटे झालेले, इतरत्र गेलेले अथवा दुसऱ्या बांधकामात वापरलेले दगड त्यांच्या मूळ जागी बसवून पाहावयाचे. खऱ्या दगडास हात न लावता, त्याची संगणकातील प्रतिकृती फिरवून हे करता येते.

तिसरा टप्पा अनुमानाचा. जे उरलेलेच नाही ते नियमांवरून आणि समकालीन वास्तूंच्या तुलनेवरून उभे करावयाचे. लोकांपुढे जे मनोहारी चित्र येते ते बहुतेक या तिसऱ्या टप्प्याचे असते. आणि प्रेक्षक मात्र त्यास पहिल्या टप्प्याइतकेच प्रमाण मानतो. सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

२. इजिप्तमधील एक धडा

या रीतीचा आरंभीचा मोठा प्रयोग इजिप्तमध्ये झाला. ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकात अखेनातेन या राजाने कर्नाक येथे सूर्यबिंबरूपी आतेन देवतेची मंदिरे बांधली. काम झपाट्याने व्हावे म्हणून एका माणसास उचलता येतील असे, सुमारे ५२ सेंटिमीटर लांब व २६ सेंटिमीटर रुंद, एकाच मापाचे दगड वापरले गेले. त्यांना आज 'तलातात' म्हणतात. राजाच्या मृत्यूनंतर त्याचा पंथ लोपला, मंदिरे उतरवली गेली आणि हे दगड होरेमहेबसारख्या पुढील राजांनी उभारलेल्या प्रचंड द्वारांच्या पोटात भर म्हणून गेले.

विसाव्या शतकात ही द्वारे दुरुस्तीसाठी उकलताना सहस्रावधी दगड बाहेर आले. प्रत्येकावर चित्राचा लहानसा तुकडा : कोठे हात, कोठे रथाचे चाक, कोठे सूर्यकिरण. ते मूळ भिंतीवर कोठे होते हे कोणासही ठाऊक नव्हते. १९६६ मध्ये रे विनफील्ड स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या आश्रयाने या दगडांची एकाच प्रमाणात छायाचित्रे घेण्याचे काम सुरू केले. सुमारे ३५,००० दगडांच्या नोंदी झाल्या आणि त्यांचे वर्गीकरण त्या काळच्या संगणकाकडे सोपवण्यात आले. १९७२ पासून डोनाल्ड रेडफर्ड यांनी या प्रकल्पाची धुरा घेतली.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या संगणकाने एकही भिंत उभी केली नाही. 'डावीकडे तोंड केलेली आकृती, वर किरण, विशिष्ट रंग' अशा लक्षणांचे दगड त्याने एका गटात आणून दिले. जुळणी माणसाच्या डोळ्याने केली. दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. नवव्या द्वारात दगड ज्या क्रमाने उतरवले गेले, त्याच क्रमाने भरले गेले होते. म्हणजे भिंतीचा वरचा थर द्वाराच्या तळाशी आणि खालचा थर वर. हा उलटा क्रम उत्खननकर्त्यांनी काटेकोरपणे नोंदवला होता, म्हणून एका भिंतीचा मोठा भाग पुन्हा जुळवता आला. २८३ दगडांची ती भिंत आज लक्सरच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. सारांश, दगड जेथे सापडला ती जागा हाही पुरावाच असतो. दगड उचलून नीटनेटका रचून ठेवला आणि जागेची नोंद केली नाही, तर अर्धी साक्ष पुसली जाते.

३. औंढ्याचा प्रश्न

आता औंढ्याकडे वळू. येथे उपलब्ध पुरावा तीन प्रकारचा आहे.

पहिला, खालच्या भिंतींचा. मध्ययुगीन मंदिराचा तळविन्यास व त्याचे शिखर यांचा संबंध शब्दाचे मूळ व त्याची रूपे यांच्यासारखा नियमबद्ध असतो. भिंतीला जितके कोन, तितक्या उभ्या रेषा शिखरात वर चढतात. दख्खनमध्ये या काळी विशेष प्रचलित असलेल्या भूमिज शिखराची रचना तर अत्यंत स्पष्ट आहे. चार दिशांना चार उभ्या पट्ट्या, म्हणजे 'लता', आणि त्यांच्या मधल्या भागांत लहान लहान शिखरांच्या, म्हणजे 'कूटां'च्या, आडव्या व उभ्या रांगा. प्रत्येक आडव्या रांगेस 'भूमी' म्हणतात. वर जावे तसतसे कूट लहान होत जातात आणि सर्वांवर आमलक व कलश येतो. भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथाच्या पासष्टाव्या अध्यायात या प्रकाराचे वर्णन आहे. सिन्नरचे गोंदेश्वर हे त्याचे आपल्याकडील सर्वांत सुस्थितीतील उदाहरण होय.

दुसरा पुरावा तुलनेचा. येथे 'हेमाडपंती' या शब्दाबद्दल सावध राहावयास हवे. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, मंत्री. अंबरनाथचे मंदिर शके ९८२, म्हणजे १०६० सालचे; त्याच्याहून दोन शतके आधीचे. तरीही लोक दोहोंना हेमाडपंती म्हणतात. हा शब्द कालवाचक नाही; चुन्याशिवाय दगडावर दगड बसवण्याच्या रीतीचे ते लोकांनी दिलेले नाव आहे. परंतु ती रीत पुनर्रचनेस मोठी साहाय्यक आहे. चुना नसल्याने प्रत्येक दगड शेजाऱ्यास घट्ट बसेल असाच घडवावा लागे. त्याच्या कडा, खाचा व उतार यांत त्याचा पत्ता लिहिलेला असतो. शिखरावरून पडलेला एक कूट हाती आला, तर त्याच्या रुंदीवरून तो कितव्या भूमीवरचा हे अनुमानता येते.

अंबरनाथशी तुलना आणखी एका बाबतीत उपयुक्त आहे. औंढ्यास लिंगाच्या दर्शनासाठी अरुंद पायऱ्यांनी वाकून खाली उतरावे लागते. हे मूळचे की नंतरच्या फेरबदलाचे, असा प्रश्न सहज मनात येतो. अंबरनाथचा गाभाराही मंडपाच्या पातळीहून पायऱ्यांनी खाली गेलेला आहे. दोन भगिनीभाषांत एकच विलक्षण रूप आढळले, तर ते मूळ भाषेतील असण्याचा संभव वाढतो, हा आमचा नेहमीचा न्याय. त्या न्यायाने खोल गाभाऱ्याची कल्पना जुनी असावी असे म्हणण्यास आधार मिळतो. मात्र औंढ्याच्या पायऱ्यांची आजची अरुंद घडण जुनी आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरा पुरावा परंपरेचा. मंदिर पूर्वी सात मजली होते आणि औरंगजेबाच्या काळात ते पाडले गेले, असे सांगतात. सात मजल्यांचे दगडी मंदिर या भिंतींवर उभे असणे वास्तुशास्त्रदृष्ट्या अवघड दिसते, म्हणून ही कथा अतिशयोक्ती ठरवून बाजूस सारण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते.

४. 'भूमी' आणि 'मजला'

संस्कृतात 'भूमि' या शब्दाचा एक अर्थ मजला असा आहे. सात मजली वाड्यास 'सप्तभूमिक प्रासाद' म्हणतात. 'प्रासाद' हाही शब्द वाडा आणि देवालय या दोहोंना लागतो. शिल्पशास्त्रात मात्र शिखराच्या एका आडव्या थरास 'भूमि' हे पारिभाषिक नाव आहे. समजा, औंढ्याचे शिखर सात भूमींचे होते आणि स्थपती, पुजारी यांच्या तोंडी ते 'सप्तभूम' म्हणून ओळखले जात होते. शिखर गेले, ते पाहणारी पिढी गेली, शब्द तेवढा राहिला. पुढे अरबीतून फार्सीच्या मार्गाने आलेला 'मजला' हा शब्द घरोघर रूढ झाला, तेव्हा 'सात भूमी'चे 'सात मजले' होणे अगदी स्वाभाविक होते. असे घडले असेल, तर ती कथा अतिशयोक्ती नव्हे. शिखराच्या नेमक्या मापाचे ते अभावितपणे झालेले भाषांतर ठरेल.

हे अनुमान आकर्षक आहे, आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी आवश्यक आहे. सात ही संख्या लोकभाषेत 'पुष्कळ' या अर्थी येते; सात समुद्र, सात पिढ्या हे कोणी मोजत नाही. शिवाय ज्या शिखराबद्दल आपण बोलतो ते भूमिजच होते, हे गृहीतच आहे. शिखर मूळचेच विटांचे असणे शक्य आहे. ते कधी पुरे झालेच नाही, असेही असू शकेल. मध्य प्रदेशातील भोजपूरचे भव्य शिवमंदिर अपुरेच राहिले. त्याच्या आसपासच्या खडकांवर स्थपतींनी कोरलेले रेखाटनांचे आराखडे आजही दिसतात, आणि ॲडम हार्डी यांनी त्यांचा 'समरांगणसूत्रधारा'शी मेळ घालून २०१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. संगणकाचा खरा उपयोग येथे आहे. पाच, सात, नऊ भूमींची शिखरे त्याच तळविन्यासावर उभी करून पाहता येतील, प्रत्येकातील कूटांची मापे काढता येतील, आणि मग प्रश्न असा उरेल : त्यांपैकी कोणत्या मापाचा एखादा दगड कोठे सापडतो का? एका दगडाने निर्णय होणार नाही. पण एका दगडाने खोटी ठरू शकेल अशी कल्पना हीच शास्त्रीय कल्पना.

५. तारांकन

१८६८ मध्ये आउगुस्ट श्लायखर याने पुनर्रचित आद्य इंडो-युरोपीय भाषेत मेंढी आणि घोडे यांची एक लहान बोधकथा लिहिली. हेर्मान हिर्ट याने नव्या ज्ञानानुसार पुन्हा लिहिलेली तीच कथा १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द बदललेला होता. श्लायखरची ध्वनिनियमांवरील निष्ठा खोटी नव्हती. त्याची चूक अशी की, त्याने तुकड्यांऐवजी सलग, गुळगुळीत, वाचता येणारे चित्र दिले. उलट, १८७९ साली सोस्यूर याने केवळ रचनेच्या गरजेवरून काही लुप्त ध्वनी गृहीत धरले, त्यांना केवळ चिन्हे देऊन. पुढे हित्ती भाषा वाचली गेली आणि १९२७ मध्ये कुरिलोविच याने त्यांतील एक ध्वनी तेथे प्रत्यक्ष दाखवून दिला. कमी बोलणारा खरा ठरला.

मात्र श्लायखरनेच आम्हांस एक मौल्यवान खूण दिली. प्रत्यक्ष न आढळलेल्या रूपापूर्वी तारका घालण्याची प्रथा त्याच्यामुळे रूढ झाली. तारका असलेले रूप कोणीही शिलालेखातील रूप म्हणून उद्धृत करीत नाही. संगणकीय चित्रात नेमकी हीच तारका नसते. मोजलेला दगड, जुळवलेला दगड आणि कल्पिलेला दगड तिन्ही एकाच काळ्या रंगात, एकाच उन्हात झळकतात. ही उणीव ओळखून २००६ मध्ये आखलेल्या व २००९ मध्ये सुधारलेल्या 'लंडन सनदे'ने असा दंडक घातला की, प्रत्येक पुनर्रचनेबरोबर तिचे पुरावे आणि ती करताना घेतलेले निर्णय यांचीही नोंद प्रसिद्ध व्हावी. कल्पिलेला भाग वेगळ्या रंगात अथवा पारदर्शक दाखवणे हा त्याचा सोपा मार्ग आहे.

तारकेची आवश्यकता औंढ्याच्या नावातच दिसते. गावाचे प्राचीन नाव 'आमर्दक' असे परंपरेने सांगतात. मराठीच्या ध्वनिविकासाचे नियम झूल ब्लॉक यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे आपणांस परिचित आहेत. दोन स्वरांमधील 'म'चा अनुनासिक 'व' होतो : ग्राम–गाव, नाम–नाव, आणि आमलक–आवळा. (शिखराचा मुकुट आणि झाडाचे फळ यांचे नाव एकच, हा येथे आलेला सुंदर योगायोग.) तेव्हा 'आम'पासून 'औं' येणे सयुक्तिक आहे. परंतु 'र्द'चा मूर्धन्य परिणाम 'ड' होतो, 'ढ' नव्हे : कपर्दिका–कवडी. 'ढ' येतो तो 'र्ध'पासून, जसे वर्ध्–वाढणे. 'गर्दभ–गाढव' हे उदाहरण कोणी पुढे करील. पण तेथील महाप्राण पुढच्या 'भ'चा आहे, आणि 'आमर्दका'त असा महाप्राण कोठेच नाही. म्हणजे व्युत्पत्तीचा पूर्वार्ध बसतो, उत्तरार्ध अडतो. ती टाकून देऊ नये. पण तारकेशिवाय लिहूही नये. शिखराच्या सात भूमींची स्थिती याहून निराळी नाही.

६. कर्तव्य

शेवटी एका नाजूक बाबीचा उल्लेख करणे अवश्य आहे. हरवलेले शिखर चित्रात उभे करताना आजचे शिखर पुसावे लागते. ते विटाचुन्याचे आहे म्हणून हलके मानण्याचे कारण नाही. पडझडीनंतर पूजा खंडित होऊ नये म्हणून कोणी तरी ते उभारले, आणि अनेक पिढ्यांनी हात जोडले ते त्यालाच. नामदेवांच्या कीर्तनासाठी देवालय फिरले, ही कथा आणि मंदिराच्या मागे असलेला नंदी यांची सांगड समाजाने घातली आहे. तिच्या मागे द्वाराच्या दिशेत झालेला एखादा फेरबदल आहे काय, हे मोजणीने तपासता येईल. परंतु नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात असताना, त्या कथेला केवळ दगडाचा पुरावा म्हणून वागवणे अरसिकपणाचे होईल. भाषेप्रमाणे वास्तूतही नंतरचे रूप म्हणजे भ्रष्ट रूप नव्हे. कोणत्याही आदर्श प्रतिकृतीत निदान तीन थर वेगळे दिसावेत : आज उभे असलेले, पूर्वीचे निश्चित आणि पूर्वीचे संभाव्य.

आणि हे सर्व ज्यावर अवलंबून आहे तो पुरावा यंत्रशाळेत नाही. मराठवाड्यातील अनेक गावांत कोरीव दगड पारांत, वेशींत, विहिरींच्या काठांत बसवलेले आढळतात. कोठे त्यांवर शेंदूर चढतो, कोठे तैलरंग, कोठे सिमेंट. पाराची दुरुस्ती सद्भावनेनेच होते. पण तिच्याबरोबर दगडाचे माप व जागा नाहीशी होते, आणि कर्नाकच्या नवव्या द्वाराने शिकवलेला धडा वाया जातो. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी जे औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव या भागांतून येतात, त्यांनी सुटीत एवढेच करावे : दगड हलवू नये, धुऊ नये, शेजारी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, जागा नोंदवावी, आणि गावातील वडीलधारी मंडळी त्या दगडास काय म्हणतात, तो शब्द जसाच्या तसा लिहून घ्यावा. शिखराच्या एखाद्या कूटाला कोठे तरी अजून त्याचे जुने नाव चिकटून राहिले असेल, तर ते यंत्राला ऐकू येणार नाही. ते ऐकणे आपले काम आहे.